कानापुढचं छिद्र आणि क्यू १८.१

आजचा विषय जरा वेगळा आहे, पण पाच मिनिटं द्या. कुणाच्या तरी घरात उपयोगी पडेल.

माझी भाची जन्मली तेव्हा तिच्या उजव्या कानाच्या पुढे टाचणीच्या टोकाएवढं छिद्र होतं. आजी म्हणाली, "देवानंच कान टोचून पाठवलीय पोर." शेजारच्या काकूंचं वेगळंच, "ग्रहणात विळी हातात घेतली असणार हिनं." झालं! ताई वर्षभर स्वतःलाच दोष देत बसली.

खरं कारण साधं आहे. गर्भारपणाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचा बाहेरचा कान सहा छोट्या उंचवट्यांपासून बनायला लागतो. ते नीट जुळले नाहीत की असं छिद्र राहतं. ग्रहणाचा काही संबंध नाही. बहुतेकांना त्रासही होत नाही. पण पुन्हा पुन्हा पू झाला तर आतली नळी पूर्ण काढावी लागते.

भाचीचं तेच झालं. सातव्या वर्षी ऑपरेशन झालं, छान झालं. पण विम्याची फाईल परत आली. का? कागदावर ऑपरेशन कानाचं आणि कोड क्यू १८.०, म्हणजे मानेचा! ऐन कांदा काढणीत ताईला दुरुस्तीच्या पत्रासाठी चार खेपा पडल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत 'क्यू' म्हणजे जन्मजात दोष. क्यू १८ मध्ये चेहरा-मानेचे इतर दोष येतात. १८.० मानेच्या बाजूची गाठ किंवा नळी, १८.१ कानापुढचं छिद्र, आणि १८.९ म्हणजे 'नक्की काय ते नोंदवलेलं नाही'. दुभंगलेला ओठ यात येत नाही. त्याला क्यू ३६, टाळूला क्यू ३५, दोन्ही असतील तर क्यू ३७.

ताई कोड भरणाऱ्यावर चिडली होती. मी मात्र गप्प. कारण असाच ड्रॉपडाऊन मी स्वतः एका सॉफ्टवेअरमध्ये बनवला होता. क्यू १८ टाइप केलं की १८.० सगळ्यात वर. बाहेर रांग लागलेली असताना माणूस वरचंच दाबणार ना! मग मी तो बदलला. आता आधी 'कान, मान की तोंड?' विचारतो, मगच कोड दाखवतो.

आपल्या जुन्नर-आंबेगावात हे जास्त महत्त्वाचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतं. समजा, आहुप्याच्या एखाद्या बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला. घोडेगाव, मंचर, पुणे असं जाताना डॉक्टर बदलत जाणार, कागद तोच राहणार. तोच चुकला तर?

म्हणून डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथंच तीन गोष्टी बघा. आजाराचं पूर्ण नाव, डावी की उजवी बाजू, आणि कोड त्याच आजाराचा आहे का. शंका आली तर बिनधास्त विचारा.

आणि कुणी ग्रहणाचं काढलंच, तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या वेळी!