मोटारीचे सांधे

मोटार विकत घेणारा गृहस्थ तिचा रंग पाहतो, एंजिनाचा आवाज ऐकतो आणि एका लिटरला ती किती धांवते याची चौकशी करतो. पुढें नित्याच्या वापरांतहि त्याचें लक्ष एंजिनावरच असतें. वस्तुतः एंजिन बिघडलें तर बहुधा गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, आणि थोडी गैरसोय सोसून घरीं परततां येतें. परंतु गाडीला दिशा देणारी व तिचा भार तोलून धरणारी जी यंत्रणा आहे, ती घाटाच्या वळणावर निकामी झाली तर चूक सुधारण्यास अवधि मिळत नाहीं. त्या वेळीं मागच्या आसनावर घरचीं मुलें झोपलेलीं असतात. इतकें असूनहि घरोघरच्या मोटारींत सर्वांत दुर्लक्षित असते ती हीच यंत्रणा.

तिच्या मूळ कल्पना मोटारीपेक्षां जुन्या आहेत. घोडागाडी कमानपाट्यांवर तोलून धरण्याच्या पद्धतीचें पेटंट ओबेडाया एलियट यानें १८०४ मध्यें इंग्लंडांत घेतलें. वळणावर आंतल्या बाजूचें चाक बाहेरच्यापेक्षां लहान वर्तुळांत फिरतें, म्हणून तें अधिक वळलें पाहिजे, हें ओळखून म्युनिकच्या लँकेनस्पर्जर नांवाच्या कारागिरानें एक रचना शोधली. तिचें पेटंट १८१८ मध्यें रुडॉल्फ ॲकरमन यानें घेतलें, आणि ती आजहि ॲकरमनच्याच नांवानें ओळखली जाते.

आजच्या लहान मोटारींत चालकानें स्टिअरिंग फिरविलें कीं त्याच्या दांड्याच्या टोकाचें दांतेरी चाक एका दांतेरी पट्टीस डावीउजवीकडे सरकवितें. या पट्टीस ‘रॅक’ म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांचे ‘टायरॉड’ पुढच्या चाकांस वळवितात. चाकाचा खालचा भाग एका आडव्या भुजेस ‘बॉल जॉइंट’ या गोल सांध्यानें जोडलेला असतो, आणि ती भुजा गाडीच्या सांगाड्यास रबरी ‘बुश’मधून जोडलेली असते. धक्का सोसण्याचें काम स्प्रिंगचें. परंतु दाबलेली स्प्रिंग स्वस्थ बसत नाहीं. ती पुन्हां पुन्हां उसळते. ती उसळी तेलाच्या साह्यानें जिरविण्याचें काम शॉकॲब्सॉर्बरचें. तें केवळ बसणाऱ्याच्या सुखाचें साधन नव्हे. उसळलेलें चाक जितका वेळ रस्ता सोडून असतें, तितका वेळ ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही त्याच्यापुरतीं व्यर्थ असतात.

मुंबईच्या कुर्ल्यास तयार होणाऱ्या पद्मिनी मोटारीच्या पुढच्या चाकांचे खुंटे, ज्यांस किंगपिन म्हणत, त्यांना ठराविक अंतरानें ग्रीस मारावें लागे. त्या निमित्तानें मिस्त्री गाडीखालीं शिरे, आणि शिरला कीं ढिला सांधा, चिरलेलें रबर, मोडलेला पाटा त्याच्या दृष्टीस पडे. पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्यें गेली. आजच्या मोटारींचे सांधे बहुतेक कारखान्यांतच ग्रीस भरून रबरी टोपीनें बंद केलेले असतात. सोय झाली खरी, परंतु तिच्याबरोबर गाडीखालीं पाहण्याचें निमित्तहि गेलें. ती टोपी एकदां चिरली कीं पावसाचें पाणी व बारीक रेती आंत शिरते, ग्रीस धुऊन जातें, आणि सांधा आंतल्या आंत दळला जातो. वेळीं लक्षांत आल्यास हें काम थोडक्या खर्चाचें. न आल्यास एखाद्या दिवशीं सांधा निखळून चाक आडवें पडतें.

सुदैवानें असा सांधा बहुधा आधीं सूचना देतो. खड्ड्यांतून जातांना खालून ‘टक् टक्’ असा आवाज येणें, सरळ रस्त्यावर गाडी एका अंगास ओढली जाणें, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ न होणें, या त्या सूचना होत. टायर तर रोजनिशीच लिहीत असतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा अधिक, एकच कड झिजली तर चाकाचा कोन बिघडलेला, आणि जागोजाग खळगे पडले तर शॉकॲब्सॉर्बर थकलेला, असें साधारणपणें समजावें. चाक धांवेच्या दिशेपासून अवघें १ अंश तिरकें असलें तर १ किलोमीटरांत त्यास सुमारें १७ मीटर आडवें घासटावें लागतें. मग नवा टायर कांहीं महिन्यांत निकामी झाला तर नवल नाहीं.

तपासणी घरींहि करतां येते. गाडीचा एक कोपरा जोरानें दाबून सोडावा. तो एकदां वर येऊन स्थिर झाला पाहिजे, डोलत राहतां कामा नये. सपाट जागीं हातब्रेक ओढून, मागच्या चाकांना अटकाव लावून पुढचें चाक जॅकवर उचलावें आणि भक्कम स्टँडचा आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं जाणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय. मग चाक डावीउजवीकडे धरून हलवावें. ढिलाई जाणवली तर टायरॉड किंवा रॅक तपासावा. वरखालीं धरून हलवितां ढिलाई दिसली तर दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें. ढिलाई नाहींशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिली तर बहुधा बॉल जॉइंटचा.

दुरुस्ती मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावी, कारण दाबलेली स्प्रिंग योग्य साधनावांचून सोडली तर ती हात मोडते. तथापि मालकानें चार गोष्टींचा आग्रह धरावा. शॉकॲब्सॉर्बर एका आंसावरील दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. काढलेली कॉटर पिन पुन्हां न वापरतां नवी घालावी. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतांनाच पक्के आवळावे. चाक लोंबकळत असतां आवळल्यास रबरास कायमचा पीळ बसून तें लवकर फाटतें. आणि टायरॉडचें टोक बदललें तर, जुन्याचे वेढे मोजून नवें बसविलें असलें तरीहि, चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें.

महाराष्ट्रांत दसऱ्यास मोटारीची पूजा करण्याची चाल आहे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, खड्ड्यांनीं आपलें काम केलेलें असतें, आणि कुटुंबास दिवाळीच्या प्रवासाचे वेध लागलेले असतात. गाडी धुऊन झेंडूचा हार घालण्यापूर्वीं पुढच्या चाकांआड बॅटरीचा उजेड टाकून त्या दोनचार रबरी टोप्या पाहण्यास पांच मिनिटेंहि लागत नाहींत. एखादी फाटलेली आढळली तर प्रवासाचा दिवस पुढें ढकलावा आणि गाडी आधीं मिस्त्रीकडे न्यावी.