क्रीडांगण कोणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



पेठेतील मोकळ्या जागेवर मुलांसाठी मैदान व्हावे, असा अर्ज महानगरपालिकेस देण्याचे आपल्या मंडळाने ठरविले आहे. पार्क स्टेडियम आहे, होम मैदान आहे. पण सात वर्षांच्या पोरीला एकटी तिकडे कोण धाडील? तेव्हा अर्ज योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की नुसते 'मैदान द्या' असे लिहून भागणार नाही. ते कसे असावे, हेही आपणच लिहिले पाहिजे.

याचे कारण सांगते. मैदान सर्वांसाठी म्हणून मोकळे सोडले, की चार दिवसांत ते धट्ट्याकट्ट्यांचे होते. मधोमध मोठ्या मुलांचे क्रिकेट; मुली भिंतीकडेला; पायात कॅलिपर असलेला मुलगा फाटकाबाहेर; आणि आजीबाई घरी, कारण चेंडू लागेल ही धास्ती. यात त्या मुलांचा दोष नाही. चेंडूला जागा लागतेच. दोष आखणीचा आहे.

ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराला हा अनुभव आला. नऊ-दहा वर्षे उलटली, की मुली बागेत दिसेनाशा होतात, असे तेथील पाहणीत आढळले. मग १९९९ साली दोन बागा नव्याने आखल्या. एका मोठ्या पटांगणाचे तुकडे पाडले, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलला वेगळी जागा दिली, पायवाटा वाढविल्या. मुली परत येऊ लागल्या. कोणाला हाकलावे लागले नाही, हे मला विशेष वाटते.

आता आपले गणित पाहू. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. स्त्रियांच्या कबड्डीचे १२ बाय ८. म्हणजे खो-खोच्या अर्ध्या पट्ट्यात कबड्डीची दोन मैदाने बसतात, आणि उरलेल्या अर्ध्यात लहानग्यांची लंगडी, लगोरी सुखाने चालते. सामन्यांसाठी भोवती आणखी मोकळी जागा सोडावी लागते, ती गोष्ट वेगळी. रोजच्या खेळाला एवढे पुष्कळ. हे सारे मातीवर. बाजूला एक पक्के, सपाट अंगण हवे, कारण चाकाची खुर्ची मातीत रुतते. तेथे रिंग टेनिस खेळावे. त्याला सुमारे १२ मीटर लांब व साडेपाच मीटर रुंद जागा पुरते आणि खर्च एका जाळ्याचा व रबरी कड्याचा. चेंडू टाकण्याची कडी दोन उंचींवर बसवावी, एक ठेंगणी. ठेंगणीचा उपयोग खुर्चीवरल्या मुलाला होईल, तसाच पाच वर्षांच्या धाकट्यालाही.

फाटकाशी पायरी नको. सहा इंचांची पायरी काढून उतार करायचा, तर तो निदान सहा फूट लांब असावा. उंचीच्या बारा पट, असा हिशेब आहे. त्याहून चढा केला, तर खुर्ची ढकलणाऱ्या आईचीच दमछाक. दार निदान ९० सेंटीमीटर रुंद असावे. गुरे आणि फटफट्या आत येऊ नयेत म्हणून फिरते फाटक बसवितात, त्याने खुर्चीही अडते. कोणी म्हणेल, खुर्ची शिरेल तेथून फटफटीही शिरेल. खरे आहे! त्याला माझ्या मते फाटकाचा उपाय नाही, राखणदाराचा आहे. आणि ते काम पेठेतल्याच एखाद्या बाईला मिळाले तर अधिक बरे.

अंध मुलांसाठी फारसे काही वेगळे उभारावे लागत नाही. रेषेखाली दोरी घातली, की हद्द पायाला कळते. चेंडूत छर्रे असले, की तो कानाला कळतो. असाच खुळखुळणारा चेंडू खेळून आपल्या देशाच्या अंध मुलींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबो येथे क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी शिट्टीबरोबर निशाण हलवावे. आणि पाट्या चित्रांच्या असाव्यात. आपल्या पेठेत मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू सारेच बोलतात. चित्र सर्वांना वाचता येते.

सोलापूरच्या उन्हाविषयी मी काय सांगावे! परदेशी चित्रे पाहून रबराची रंगीत जमीन आणि लोखंडी घसरगुंडी मागू नका. एप्रिलात दोन्ही पोळतात. कडुनिंब लावा, आणि तो वाढेपर्यंत वर कापडाचे छत घाला. कापडाला आपल्या गावात तोटा नाही. पाणी, स्वच्छतागृह आणि संध्याकाळचे दिवे हे शेवटच्या ओळीत ढकलू नका. स्वच्छतागृह नसले, की मुली तासाभरात घरी जातात. बाके खेळाकडे तोंड करून, सावलीत ठेवावीत. म्हणजे मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांनाही हात चालवीत पोरांवर नजर ठेवता येईल.

हे सारे मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारांची अपंगत्वे मानतो, सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे सांगतो, आणि त्यात खेळांविषयी स्वतंत्र कलम आहे. नागपूरला पारडी भागात अशा 'अनुभूती' उद्यानाची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली. ९०,००० चौरस फूट जागा व सुमारे १२ कोटींचा खर्च. स्पर्शाने आणि वासाने ओळखायच्या झाडांची बागही त्यात योजिली होती. आपल्याला बारा कोटींची गरज नाही. पण अपंगांसाठी निराळी बाग, यापेक्षा नेहमीच्याच मैदानात सर्वांना वाव, हे मला अधिक पसंत आहे. भावंडांनी एकाच ठिकाणी खेळावे; एकाला इकडे, दुसऱ्याला तिकडे पोचवायला आईला दोन जन्म नाहीत.

अर्जाचा मसुदा चहाच्या मेजावर ठेवला आहे. सही करण्यापूर्वी प्रत्येकीने आपल्या घरातले कोण तेथे जाऊ शकणार नाही आणि का, हे मागच्या कोऱ्या पानावर लिहावे. रविवारी सकाळी सात वाजता जागा मोजायची आहे. मोजपट्टी मंडळाकडे आहे. ज्यांच्या घरी चाकाची खुर्ची असेल, त्यांनी ती, आणि तिच्यावर बसणारालाही, बरोबर आणावे.