जाळं ताणा, पण तंगूस नको

आज देवबागहून बोलतोय. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये आमची वाळूची चिंचोळी पट्टी. पाऊस सरला की परसात वाफे होतात. लाल माठ, मुळा, चवळी, काकडी.

माठाचं बी उगवायच्या आधीच मुंग्या पळवतात, म्हणून पेरताना त्यात राख मिसळायची. काकडीच्या पहिल्या दोन पानांवर लाल भुंगेरे बसतात. ते सकाळी सुस्त असतात, तेव्हाच हाताने वेचायचे. मग दव असतानाच पानांवर राख भुरभुरायची, ती चिकटते.

खरा त्रास पाखरांचा. चवळीचा कोंब दिसला की उपटलाच! किनाऱ्यावर जाळ्यांना काय तोटा? पण लोक तंगूसाचं बारीक जाळं वाफ्यावर सैल टाकून देतात. ते पाखराला दिसतच नाही. त्यात भारद्वाज अडकतो, धामण अडकते. भारद्वाज गोगलगायी खातो, धामण उंदीर. म्हणजे आपण राखणदारच मारतो. आमच्या कोडिंगमध्ये याला एक बग काढून दोन घालणं म्हणतात.

जाळं जाड दोऱ्याचं, रंगीत घ्या. काठ्या रोवून रोपांच्या वीतभर वर ताणून बांधा. बोटाने दाबून सोडलं की उसळलं पाहिजे. कडा वाळूत पुरा. रोज दोनदा फेरी मारा. पाखरू अडकलं तर त्याला ओढू नका, जाळं कापा. साप असेल तर सर्पमित्राला फोन. रोपं चार-सहा पानांवर आली की जाळं गुंडाळून घरात.

वानरांना मात्र हे जाळं पुरत नाही. त्यांचा वेगळा एपिसोड करू.