घरकुल मंजूर, पण जागा कोणाची?
(मालवण तालुक्यातील महिला मेळाव्यातले भाषण)



सरकारी योजनांची यादी मी वाचणार नाही. ती ग्रामपंचायतीत मिळते. मला बोलायचंय ते सह्यांबद्दल.

किनाऱ्याजवळच्या बौद्धवाडीतली एक बाई. नवरा वारून नऊ वर्षं झाली. मातीच्या भिंती, दर पावसाळ्याआधी झड अडवायला झावळ्या बांधायच्या. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेच्या यादीत तिचं नाव आलं. मग सातबारा मागितला. तो सामाईक, त्यावर २३ नावं, निम्मी माणसं मुंबईला. नवऱ्याचं नाव होतं, हिचं नव्हतं. बाकी हिस्सेदारांची संमती आणा, असं सांगण्यात आलं. ती मला म्हणाली, "गो बाय, चुलीकडे मी तीस वर्सां बसलंय, कागदार मात्र माझां नाव नाय."

बुद्धजयंतीला मुंबईकर गावी आले तेव्हा आम्ही दोघी घरोघर फिरलो. सोळा सह्या मिळाल्या. एका पुतण्याने हातात घेतलेलं पेन खाली ठेवलं. उद्या जागेला भाव आला तर? पर्यटनामुळे गुंठ्याच्या गोष्टी आता वाडीपर्यंत पोचल्यात. मला राग आला. पण मुंबईत त्याचं तरी काय आहे? भाड्याची खोली.

कोकणात हा प्रश्न जुनाच. मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं त्या काळात, १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, ते कसणाऱ्याच्या हाती जमीन यावी म्हणूनच. जमीन आली तिथेही कागदावर बहुधा पुरुषच आले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने, जो बौद्धांनाही लागू आहे, विधवा पहिल्या वर्गातली वारस. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर २००५ साली मिळाला. पण तलाठ्याकडे वारस नोंद करायला बाईला कोण घेऊन जातं?

आम्ही कार्यकर्त्याही नाही नेलं. बचत गटात अर्ज भरायला शिकवले, सातबारा कधी उघडला नाही. शासन जातीचा दाखला मागतं, उतारा मागतं, पण उताऱ्यावर तिचं नाव लावण्याचं काम तिच्यावरच सोडतं. आमची मागणी एवढीच: घरकुलाची यादी लागण्याआधी तलाठ्याने वाडीत बसून वारस नोंदी घ्याव्यात.

तिची वारस नोंद आता झाली. सहा सह्या बाकी आहेत, झावळ्या यंदाही बांधल्या. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घराखालच्या जागेचा उतारा आणा. वाचता येत नसेल तरी आणा, मिळून वाचू.