मानेला पट्टा नको, काम द्या



अधिवेशनाच्या अध्यक्षाने आपल्या फिजिओथेरपीच्या व्यवसायाची थोरवी गावी असा प्रघात आहे. ते काम उद्घाटकांनी सकाळीच चोख बजावलं आहे. मला मानेबद्दल बोलायचं आहे, आणि थोडं कडू बोलायचं आहे.

मानदुखीचा रुग्ण आपल्याकडे येतो तोच मुळी घाबरलेला. हातात एमआरआयची पिशवी, गळ्यात पट्टा, आणि तोंडी "मणक्यात गॅप आलाय". २०१५ साली जपानी संशोधकांनी मान न दुखणाऱ्या १,२११ माणसांचे एमआरआय तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या होत्या. विशीतल्या चौघांपैकी जवळपास तिघांच्याही! तेव्हा रिपोर्टातली ओळ वाचून रुग्णाला आणखी घाबरवू नका. हातापायांतली ताकद कमी झाली असेल, शर्टाची बटणं लावता येत नसतील, चालताना तोल जात असेल, ताप किंवा घटतं वजन सोबत असेल, तर मात्र व्यायामाचं नाव न काढता त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. बाकीच्यांची मान हलवायची असते.

आणि आपण काय करतो? दहा दिवस शेक, दहा दिवस ट्रॅक्शन, आयएफटीच्या विद्युतप्रवाहाचे पॅड, आणि शेवटच्या दिवशी व्यायामाच्या चित्रांचा एक झेरॉक्स कागद. त्यावरची चित्रंही कॉपीची कॉपी काढून इतकी काळी झालेली, की मान कुठली आणि खांदा कुठला ते कळू नये.

ब्लाउज शिवणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. दिवसभर मशीनवर वाकलेली, संध्याकाळी डोकं जड. तिला उताणं झोपवा, मानेखाली प्रेशर कफ ठेवा, पाऱ्याच्या २० मिलिमीटर दाबापर्यंत हवा भरा. आता हनुवटी किंचित आत घ्यायला सांगा, "हो" म्हणताना डोकं हलतं तेवढीच. काटा २२ वर जाऊन दहा सेकंद टिकला पाहिजे, मग २४, असं करत ३० पर्यंत. पहिल्या दिवशी बहुधा काय होतं? काटा थरथरतो, श्वास अडकतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे ताठ उभे राहतात. आतले खोल स्नायू गप्प, बाहेरचे दुप्पट राबतायत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात ग्वेंडोलेन जल यांनी ही चाचणी रुजवली. कफ नसेल तर घडी केलेला नॅपकिन घ्या आणि बोटं गळ्यावर ठेवा. बोटांना सगळं कळतं.

पण तिथेच थांबून चालत नाही. फिनलंडमधल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनाट मानदुखी असलेल्या, कार्यालयात काम करणाऱ्या १८० स्त्रिया होत्या. वर्षभर रबर बँड आणि डंबेल्सने ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांची मान पुढे वाकवण्याची ताकद दुपटीहून वाढली, दुखणंही चांगलंच कमी झालं. नुसतं ताणणं आणि एरोबिक व्यायाम एवढाच सल्ला मिळालेल्यांना त्यामानाने फार थोडा फायदा झाला. डेन्मार्कच्या २०११ च्या अभ्यासात तर रबराच्या नळीने रोज दोन मिनिटं व्यायाम करणाऱ्यांनाही दहा आठवड्यांत आराम पडला, आणि बारा मिनिटं करणारे त्यांच्या फारसे पुढे गेले नाहीत. मला हा निष्कर्ष सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपल्या शिवणवालीकडे अर्धा तास नाही. दोन मिनिटं आहेत, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतची.

कुठला व्यायाम सर्वश्रेष्ठ, यावर परिसंवादात उद्या हातघाई होणारच आहे. माझं मत आजच सांगून टाकतो: पद्धतींमधला फरक आपल्या आवडीनिवडींएवढा मोठा नाही. भार हळूहळू वाढतोय का आणि माणूस तो व्यायाम खरंच करतोय का, हे दोनच प्रश्न विचारा. भार न वाढवता महिनोन् महिने तीच दहा आवर्तनं करायला लावणं म्हणजे रुग्णाचा आणि आपला वेळ घालवणं. सुरुवातीला थोडं दुखेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरलं तर चालू ठेवा, हेही आधीच सांगा. नाहीतर तो घरी जाऊन पुन्हा पट्टा बांधतो, किंवा केस कापायला गेला की न्हाव्याकडून मान कटकन मोडून घेतो. ही मोडामोड सोडा म्हणून मात्र स्पष्ट बजावा. मानेतली रक्तवाहिनी फाटण्याचा धोका विरळा, पण खरा आहे.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. आपापल्या दवाखान्यात परत गेल्यावर मानेच्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर शेकाच्या तारखांआधी व्यायामाचा भार आणि आवर्तनं लिहा, दर आठवड्याला ती समोर करून घ्या, आणि सहा आठवड्यांनी त्याला परत बोलवून फरक मोजा. पुढच्या अधिवेशनाला येताना ती कार्डं घेऊन या.