मोटारीतील संदेशवाहक तारांचे दोषनिदान

आधुनिक मोटारीत इंजिन, ब्रेक, दिवे यांची नियंत्रक उपकरणे परस्परांशी सतत संदेशांची देवघेव करीत असतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या ‘कॅन’ पद्धतीत हे कार्य पीळ दिलेल्या दोन तारा करतात. अनेक उपकरणे एकाच वेळी अबोल झाली, तर ती सारीच निकामी झाली असे समजू नये. प्रथम बॅटरी व अर्थिंग तपासावे. मग बॅटरी सोडवून दोन तारांमधील रोध मोजावा. सामान्यतः दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोध समांतर जोडलेले असल्याने माप सुमारे ६० ओहम येते. १२० आल्यास कोठेतरी जोडणी तुटलेली असते. शून्यानजीक आल्यास तारा एकमेकींस टेकलेल्या असतात. हे मापन टाळून महागडे उपकरण बदलल्यास मालकाचा पैसा जातो आणि दोष मात्र गाडीतच राहतो.