दुपारी दमणारी लिफ्ट

सकाळी नांगर झटक्यात उचलणारी ट्रॅक्टरची लिफ्ट दुपारी ऑइल तापलं की रेंगाळते? मग गिअर पंप झिजला असण्याची शक्यता मोठी. ऑइलमधली बारीक माती आतल्या प्लेटांवर ओरखडे पाडते आणि तापून पातळ झालेलं ऑइल तिथून मागे झिरपतं. पंप उघडलात तर बॉडीत, ऑइल आत येतं त्या बाजूला बोट फिरवा. दाबामुळे गिअर तिकडेच रेटले जातात. पुसट खूण नव्या पंपातही पडते. खोल चर लागली तर मात्र पंप गेलाच. पंप नुसताच किंचाळत असेल, तर आधी सक्शनची जाळी बघा, तुंबली असेल. आणि कृपा करून जुन्या, घाण ऑइलवर नवा पंप बसवू नका. टाकी धुवा, फिल्टर बदला, मगच बसवा.